लोखंड्यानं पोपटाला का मारलं

आमच्या घरात शब्दाआधी हात उठायचा, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी दचकायला नको. माझे वडील, म्हणजे अण्णा, रागावले की हाताला येईल ते फेकून मारायचे. तांब्या, चप्पल, एकदा तर तव्यावरची भाकरी तव्यासकट. आई मला उलथण्यानं हाणायची आणि मी त्याचा सूड शाळेत पोरींच्या वेण्या ओढून घ्यायचे. वेल्ह्याच्या अलीकडच्या आमच्या वाडीत याचं कोणाला नवल नव्हतं. ज्याचा हात उठत नाही तो एक तर आजारी, नाहीतर देवमाणूस, असाच हिशोब होता. आमच्या घरातला देवमाणूस म्हणजे बापूकाका, अण्णांचा धाकटा भाऊ. चौतीस वर्षांचा, बिनलग्नाचा, अंगानं दांडगा आणि बोलायला इतका कमी की पाहुण्यांना तो मुका वाटायचा. अण्णा भोरला एका कचेरीत कारकून होते. सकाळी मोटारसायकलवर नसरापूरवरून जायचे ते दिवेलागणीला परत. शेती सगळी काका करायचा. तरी अण्णांना आम्ही अहो-जाहो करायचो आणि काकाला अरे-तुरे, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

रविवारी संध्याकाळी मात्र घराचा नूर बदलायचा. त्या वेळी टीव्हीवर ‘कोहरगढ़’ नावाची मालिका लागायची. परदेशातली, हिंदीत बोलणारी, धुक्यातले किल्ले, जादूगारणी, उडते साप आणि दर पंधरा मिनिटाला कोणाचं तरी मुंडकं धडावेगळं. ती नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही आमची ठेवली होती. हिरवे कपडे घालणारा तरुण राजा तो पोपट. त्या राजाच्याच आईचं दूध पिऊन वाढलेला, लढाईत हात तुटून लोखंडी हात बसवलेला त्याचा सेनापती तो लोखंड्या. बकऱ्याच्या रक्तानं आंघोळ करणारी जादूगारीण होती, तिला आई नुसतं ‘ती भवानी’ म्हणायची. आई चुलीपुढून टीव्ही दिसेल अशी वळून बसून भाकरी थापायची. नाचणीच्या भाकरीचा थप-थप आवाज आणि तलवारींचा खणखणाट एकात एक मिसळलेला अजून माझ्या कानात आहे. कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी, अण्णांनी भोरहून आणलेली भेळ. टीव्हीवर कोणाची आतडी बाहेर आली की आई म्हणायची, “जेवनाऱ्यांनी खाली बघा.” कोणी खाली बघत नसे.

मालिका संपली की खरी लढाई सुरू व्हायची. कोण तसा का वागला, कोणाचं चुकलं, यावर तासभर वाद. त्यात अण्णा सरपंचासारखे बसायचे आणि मी त्यांची वकील. मी नववीत होते आणि मला वाद घालायची जन्मजात खोड होती. अण्णांना त्याचं भारी कौतुक. “माजी पोरगी कोर्टात हुभी ऱ्हानार,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. काका भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. एरवी दिवसभरात दहा वाक्यं न बोलणारा माणूस, पण लोखंड्याचा विषय निघाला की बोलायचा. अडखळत, जमिनीकडे बघत, पण बोलायचा. आम्हाला त्याची गंमत वाटायची. आई म्हणायची, “भावजींचा लोखंड्या म्हंजी जीव की परान.”

आता माझी पोरं मोबाईलवर मालिका बघतात ती दीडपटीनं पळवून. “आई, मधलं काही नसतं गं, शेवट कळला की झालं,” म्हणतात. माझं डोकं तडकतं. मधलं काही नसतं! सगळं मधल्यातच असतं रे गाढवांनो. पण हे मला तरी कुठं वेळेत कळलं होतं.

मधलं म्हणजे काय, तर दोन गोष्टी सांगते. काकाला एकदा आंबवड्याकडचं स्थळ आलं होतं. मुलीकडचे चार पुरुष घर-शेत बघायला आले. आईनं पोहे केले, वर ओलं खोबरं घातलं. त्यातल्या एकानं सहज विचारलं, “रान कुनाच्या नावावर हाय?” काका म्हणाला, “आमा दोघांचंच की.” अण्णांनी तिथल्या तिथं, पाहुण्यांसमोर, त्याच्या थोबाडीत मारली. “सातबारा माज्या नावावर हाय. लोकांस्नी खोटं कशापायी सांगतूस?” काकाच्या हातातली पोह्याची बशी उलटी झाली. पाहुणे अर्धे पोहे ठेवून उठले. काकानं सांडलेले पोहे एक-एक करून वेचले आणि कोंबड्यांना टाकले. सातबाऱ्यावर अण्णांचं एकट्याचं नाव का होतं, तर आजोबा गेले तेव्हा काका लहान होता आणि कागदपत्रं अण्णांना कळत होती, एवढंच.

दुसरी गोष्ट बैलांची. राजा आणि शिवळ्या. शिवळ्याची आई त्याला जन्म देऊन आठव्या दिवशी मेली, तेव्हा काकानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. काका पानशेतकडे आमच्या आत्याच्या भातकापणीला गेला आणि तेवढ्यात अण्णांनी जोडी विकली आणि टिलर, म्हणजे हातानं धरून चालवायचं नांगरणीचं यंत्र, आणला. विचार चांगलाच होता, आमच्या खाचरांना टिलरच बरा. काका चार दिवसांनी आला, तर गोठ्यात नुसती दावी आणि घाट्या पडलेल्या. काकानं दावी उचलली, झटकली, गुंडाळून खुंटीला लावली, बैलांच्या गळ्यातल्या घाट्या पुसून त्याच खुंटीला अडकवल्या आणि टिलर चालू कसा करायचा ते अण्णांना विचारलं. अण्णा त्या दिवशी सगळ्या वाडीत सांगत फिरले, “एक सबूद बोलला न्हाई माजा भाऊ. देवमानूस हाय.” गप्प बसला म्हणजे पटलं, ही आमच्या घराची सगळ्यात मोठी चूक. आम्ही ती वर्षानुवर्षं केली आणि तिला चांगुलपणाचं नाव दिलं.

त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मालिका संपत आली होती. आधी सहा वर्षं गोगलगाईच्या गतीनं चाललेली, एका लढाईला दहा-दहा भाग लावलेले, आणि शेवटी कोणी त्यांच्या मागे लागल्यासारखी पळत सुटली. राज्यं बुडाली, लग्नं लागली, भवानी मेली, सगळं तीन रविवारात. आणि मग शेवटून दुसऱ्या भागात ते झालं. पोपटाचा विजयाचा शाही जेवणाचा थाट. लोखंड्याला त्यानं मागे, सुरई धरून उभं केलेलं. पोपट हसला, काहीतरी म्हणाला, आणि लोखंड्यानं सुरई खाली ठेवून लोखंडी हातानं पोपटाचं डोकं ताटावर आपटलं. एकदा नाही. आवाज थांबेपर्यंत. शेवटी चेहरा म्हणून काही उरलं नव्हतं. आईच्या हातातली भाकरी फाटली.

“हे काय!” अण्णा उठून उभेच राहिले. “सा वर्सं त्याच्यासाटी मरायला तयार आन् आज एकदम? वरंधा घाट चढाय च्यार तास घेतलं आन् उतरताना बिरेकच काडून टाकला! उरकून टाकलं लेकांनी.”

“कारणच दाखवलं नाही,” मी म्हटलं. “माणूस असा एका भागात फिरत नसतो.”

“घाई न्हाई झाली,” भिंतीपासून काका म्हणाला.

आम्ही सगळे त्याच्याकडे वळलो. तो बोटांनी जमिनीवरचं सारवण उकरत होता.

“पयल्यापास्नं दावलंय त्यांनी. तुमचंच ध्यान नव्हतं. पयल्या वर्साला पोपटानं त्याला भर दरबारात थोबाडीत मारली. मंग त्याचं घोडं दुसऱ्याला दिऊन टाकलं, ह्यो लढाईला ग्येला आसताना. त्यानं पिल्लाचं वाडवल्यालं घोडं. आन् आज मागं हुबा क्येला.”

“ते किती जुनं झालं काका! थोबाडीत मारल्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर पोपटानं त्याला केवढा मान दिला.”

“त्याला जुनं झालं का, ह्ये कुनी इचारलं?”

“मंग बोलायचं हुतं की त्यानं,” अण्णा म्हणाले. “त्वांड न्हवतं का त्याला?”

“आण्णा, बोलाय बी कुनी तरी इचाराय लागतं.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण अण्णा माझ्याकडे बघत होते, आता पोरगी काय म्हणते बघू, अशा नजरेनं. आणि मला टाळी हवी होती. मी म्हटलं, “खरं सांगू का काका, लिहिणाऱ्यांनी तुझ्या लोखंड्याचा बैल केलाय. जू ठेवलं की चालला, आणि एक दिवस उगाच शिंग मारलं. बैलाला कुठं कारण असतं?”

अण्णा पोट धरून हसले, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आईसुद्धा हसली. काका उठला. दारातून बाहेर पडताना थांबला.

“बैल बी उगाच शिंग मारत न्हाई, सुमे,” तो म्हणाला, आणि गोठ्याकडे गेला. रिकाम्या गोठ्याकडे.

पुढच्या गुरुवारी शिवरामतात्यांच्या रानात इर्जिक होती. इर्जिक म्हणजे ज्याचं रान त्यानं मटणाचं जेवण घालायचं आणि बाकीच्यांनी आपापली बैलजोडी घेऊन दिवसभर फुकट राबायचं. आमच्या वाडीत तिची एक रीत होती: जोडीमागं एक पान. ज्याची जोडी तो पहिल्या पंगतीला, तात्यांच्या बरोबरीनं, आणि नुसते हात घेऊन आलेले मागून. बैल गेले, टिलर आले, तरी रीत तीच राहिली. टिलरही जोडीच धरायचे.

काका सकाळपासून टिलर घेऊन चिखलात होता. कमरेपर्यंत माखलेला, कानांत टिलरची घरघर भरलेली. आई आणि मी बायकांबरोबर बांधावर मसाला वाटत होतो. बांधाच्या टोकाला, आंब्याखाली, मोठं पातेलं रटरटत होतं. सकाळी तिथंच दोन बोकड कापले होते आणि मातीवर रक्ताचा काळा डाग उन्हात सुकत होता. पातेल्याजवळ जळण फोडायची कुऱ्हाड ओंडक्यात रुतवून ठेवलेली. दुपारी अण्णा आले. त्यांनी त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. तात्यांनी हाक दिली, “जोडीवालं बसा!” माणसं हातपाय धुऊन ओळीनं बसली. काकाही बसला. चिखल धुतलेले हात मांडीवर ठेवून, पत्रावळीसमोर. आणि अण्णा येऊन त्याच्या डोक्याशी उभे राहिले.

“बापू, ऊट. टिलर माजा हाय.”

काकानं वर बघितलं. “म्या सकाळधरनं चालवतुया.”

“चालवनाऱ्याचा न्हाई, मालकाचा मान आसतो. तुला म्हाईत न्हाई व्हय? ऊट, मागनं बस. न्हाईतर वाडाय घे.” मग माणसांकडे वळून अण्णा हसले. “आमच्या बापूला बैल न्हाई आन् बायकू न्हाई, तरी पयल्या पंगतीचा लई सोस!”

पंगत हसली. वाईट हसू नव्हतं ते. रोजचंच होतं. मीही बांधावर हसले, हे इथं लिहिलं पाहिजे.

काका उठला. अण्णा त्याच्या पत्रावळीसमोर बसले, त्यांना भात वाढला गेला. काका पातेल्याकडे गेला. मला वाटलं, वाढायला पळी घेतोय. त्यानं ओंडक्यातून कुऱ्हाड उपसली आणि चालतच आला. धावला नाही, ओरडला नाही. पहिला घाव अण्णांच्या उजव्या खांद्यावर बसला आणि ओल्या लाकडावर बसावा तसा आवाज आला. अण्णांनी वळून हात वर केला. दुसरा घाव त्या हातावर. बोटं पत्रावळीवर पडली, भातात. पांढरा शर्ट बघता-बघता लाल झाला. तिसरा घाव काकानं उचलला तेव्हा आई मध्ये पडली, आणि तो थांबला. आईच्या डोक्यावर कुऱ्हाड धरून, छाती वर-खाली करत थांबला. बांधावर उभा केलेला टिलर चालूच होता. मग माणसांना कंठ फुटला. कोणी काकाच्या डोक्यात फावडं घातलं, कोणी लाथा घातल्या, तो पडला तरी घालत राहिले. मी पळत गेले आणि मीही त्याला लाथ मारली, तोंडावर. माझ्या पायाला त्याचा दात लागला, त्याचा वण अजून आहे.

अण्णांना टेम्पोत घालून पुण्याला नेलं. ते वाचले. खांदा कायमचा गेला आणि उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला. काकाला पोलीस घेऊन गेले. संध्याकाळी हवालदार घरी आले, त्यांनी मला विचारलं, “पोरी, आधी काय तंटा-बखेडा हुता का दोघांत?” मी म्हटलं, “न्हाई. एकाएकी झालं.” त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. नववीतली वकील मी, सहा वर्षांचे सगळे भाग तोंडपाठ असलेली, आणि माझ्या काकाचा एकही भाग मला आठवला नाही.

वाडीचा निकाल दोन दिवसांत लागला. “त्या शिरेलीनं डोस्कं फिरवलं त्याचं. थितं बी जेवतानाच मारलं, हितं बी जेवतानाच.” सगळ्यांना ते पटलं, कारण त्यात वाडीतल्या कोणाचंच काही जात नव्हतं. मला आजही या वाक्याची चीड येते. मालिकेनं त्याचं डोकं फिरवलं नाही. मालिका ही एकच जागा होती जिथं तो बोलत होता. स्वतःबद्दल बोलायची त्याला सोय नव्हती, लोखंड्याबद्दल बोलायची होती. दर रविवारी तो आम्हाला सांगत होता, आणि आम्ही त्याला उलट उत्तरं देत होतो.

त्या रविवारी आई दवाखान्यात होती. घरात मी एकटी. मी टीव्ही लावला, शेवटचा भाग. लोखंड्याला सुरुवातीच्या पाच मिनिटांत फासावर चढवलं. कोणी त्याला एक शब्द विचारला नाही. दोर आवळला, पाय हलायचे थांबले, आणि लगेच दुसऱ्या राणीचा राज्याभिषेक, वाजंत्री, फुलं. मी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि टीव्हीच्या काचेत घातला. मग परत घातला. काच पायाखाली चुरचुरत होती आणि मी मोठ्यानं रडत होते, अण्णांसाठी की काकासाठी, मला ठाऊक नाही. फुटका टीव्ही बघून आईनं मला मारलं नाही. आमच्या घरात तेव्हापासून कोणी कोणाला मारलं नाही.

काकानं कोर्टात गुन्हा कबूल केला, त्यामुळे तिथंही त्याला फार कोणी विचारलं नाही. तो सुटून आला तेव्हा मी कॉलेजात होते. अण्णांनी स्वतः मला सांगितलं होतं की त्याला आणायला जायचं. सगळी वाडी विरोधात होती, आईसुद्धा कुरकुरत होती. पण अण्णा एस्टीनं गेले आणि त्याला घेऊन आले. दोघं दारात उभे राहिले तेव्हा दोघंही म्हातारे दिसत होते. दुपारची वेळ होती. आईनं न बोलता ताटं मांडली. खेकड्याचं कालवण आणि भात. अण्णा डाव्या हातानं जेवायला शिकले होते. काका त्या हाताकडे एकदा बघून खाली मान घालून जेवू लागला.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “सुमे, त्या लोखंड्याचं म्होरं काय झालं गं? आत टीवी हुता, पर ती शिरेल न्हाई लागायची.”

मी हातातला घास ताटात ठेवला. मग मी म्हटलं, “त्याला मारलं नाही लगेच. राजाच्या आईपुढं उभं केलं. तिनंच दूध पाजलं होतं ना त्याला. तिनं विचारलं, का केलंस.”

“आन्?”

“अख्खा भाग तेवढ्यावरच होता, काका. घाई नाही केली त्यांनी.”

“थोबाडीत मारल्यालं सांगितलं त्यानं?”

“सांगितलं.”

“घोड्याचं?”

“घोड्याचं पण. पिल्लू होतं तेव्हापासूनचं सगळं.”

“बरं झालं,” काका म्हणाला, आणि त्यानं भात कालवला.

अण्णांनी तो भाग दवाखान्यात, वॉर्डातल्या टीव्हीवर बघितला होता. मी खोटं बोलतेय हे त्यांना ठाऊक होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील की पोरगी थापा मारतीय. ते वळले ते काकाकडे.

“बापू, बैलं इकली तवा म्या तुला इचारलं न्हाई.”

“न्हाई इचारलं,” काका म्हणाला.

“आता इचारतुया. सांग.”

काकानं गोठ्याच्या दाराकडे बघितलं. खुंटीला दावी आणि घाट्या तशाच होत्या, कोणी काढल्या नव्हत्या. मग सांगायला लागला, “शिवळ्या तवा आठ दिसांचा हुता...” त्यानं काही वगळलं नाही. बाटलीचं दूध, पोह्याची बशी, रिकामा गोठा, पंगत. मी बैलाला कुठं कारण असतं म्हणाले होते, तेही सांगितलं. अण्णा मध्ये बोलले नाहीत. कालवण गार झालं, ताटातला भात सुकला, अण्णांचा डावा आणि काकाचा उजवा हात ताटातच वाळून कडक झाला, पण त्याचं सांगून होईपर्यंत कोणीही हात धुवायला उठलं नाही.